भुरीचा जबडा

दीपनगर
१६ जानेवारी २०२५

प्रेमराज पाटील यांस,

जावईबापू असं लिहायला हात वळत नाही, म्हणून नावानेच लिहिते. त्या व्यसनमुक्ती केंद्रात फोन देत नाहीत, पत्र मात्र पोहोचतं, असं तुमच्या भावाने सांगितलं. त्यानेच धुळ्याचा पत्ता दिला.

मी गेल्या बुधवारी तुमच्या मळ्यात जाऊन आले. रत्नाचं शिलाई मशीन तुमच्या सोनलसाठी पारोळ्याला तिच्या आजीकडे न्यायचं होतं. माझा ललित गाडी घेऊन बरोबर होता. शेडचं कुलूप उघडत असताना मागून साखळीचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर तुमची कुत्री. लिंबाच्या बुंध्याला बांधलेली, पाण्याचं घमेलं पालथं, आणि साखळी मानेच्या मांसात रुतलेली. जखमेत अळ्या होत्या. मी चौतीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली, पण ललितला बाजूला जाऊन बसावं लागलं. शेजारच्या बागेतली एक बाई रोज येता-जाता भाकरीचा तुकडा टाकून जायची म्हणून ती जिवंत राहिली.

मी तिला इथे घेऊन आले आहे. पंधरा दिवस ठेवीन आणि चांगलं घर बघून देईन, असं ललितला सांगितलं आहे. मला कुत्र्यांची सवय नाही. पण ही रत्नाची होती, मला तिथे सोडून येता आली नाही.

आता कामाचं. ती न्हाणीघरात पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसली आहे आणि आठ दिवस झाले तरी बाहेर येत नाही. कोणी समोर असेल तर खात नाही. नाव भुरीच ना? रत्ना फोनवर भुरी म्हणायची असं आठवतं, पण मी हाक मारली की ती डोळे मिटून घेते. ती काय खायची, कुठे झोपायची, कशाने जवळ यायची, एवढं कळवा. बाकी काही लिहायची गरज नाही.

सुनंदा


धुळे
२४ जानेवारी २०२५

ती. मावशींस नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. भुरीला मी बांधूनच विसरलो. भाऊ मला इथे घेऊन आला तेव्हा मी शुद्धीत नव्हतो, आणि शुद्धीवर आल्यावरही विचारलं नाही. गिरधर तिला भाकरी टाकत असेल असं धरून चाललो. पण गिरधर दिवाळीलाच आमचं काम सोडून गेला होता, हे मला माहीत होतं. खोटं कशाला लिहू.

नाव भुरीच. रत्नाने ठेवलं. पिलू असताना रावेरच्या बाजारातून पिशवीत घालून आणली होती. कळण्याची भाकरी ताकात कुस्करून दिली तर खाते. दूध पचत नाही. झोपायला बारदान लागतं, गोधडी दिली तर ओढून बाहेर टाकते. रत्ना तिला हाक मारायची नाही. शेडच्या उंबऱ्यावर पाठ करून बसायची आणि काहीतरी निवडत राहायची, मग भुरी आपोआप येऊन तिच्या पाठीला टेकायची. मी हाक मारायचो. तुम्ही मारू नका.

इथे पहाटे उठवतात, प्रार्थना असते, दुपारी एक साहेब येऊन बोलायला लावतात. सगळे बोलतात. मी अजून बोललो नाही. पत्रं इथे वाचून मगच टपालात टाकतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुम्ही तिला नेलंत, त्याबद्दल काय लिहावं कळत नाही. सोनल कशी आहे?

प्रेमराज


दीपनगर
५ फेब्रुवारी २०२५

प्रेमराज यांस,

सोनल बरी आहे. ताईबाईकडे आहे, शाळेत जाते. माझी बहीण आपल्या नातीला काही कमी पडू देणार नाही.

भुरीचं सांगते. न्हाणीच्या दाराशी पाठ करून बसले आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिले. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी पिंपामागून नखांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. तिने येऊन माझ्या पदराचा वास घेतला आणि परत गेली. सातव्या दिवशी पाठीला काहीतरी ऊन ऊन टेकलं. मी शेंगा संपल्या तरी टरफलंच हलवत बसले, तासभर. उठले तेव्हा कंबर धरली होती.

मानेची जखम भरते आहे. आता ती ओट्यावर येते, अंगणात येत नाही. अंगणात कपडे वाळत घालायची काठी असते. परवा मी ती काठी उचलली, तर ती जागीच लोळण घेऊन मुतली आणि थरथरत राहिली. परत पिंपामागे गेली ती दोन दिवस तिथेच. काठी मी ललितला मोडून टाकायला सांगितली. आता दोरी बांधली आहे.

आणखी एक. ती एकाच बाजूने खाते आणि अर्धं खाली पडतं. मला वाटलं अशक्तपणा असेल. भुसावळच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं. खालचा जबडा मोडून वाकडा जुळून आला आहे, दोन दाढा नाहीत. पडून असं होत नाही म्हणाले, जोराचा मार बसला आहे. पाच-सहा महिने झाले असावेत असा त्यांचा अंदाज.

हे कसं झालं ते कळवा. औषधासाठी विचारत नाही, औषध आता काही नाही. मला माहीत असावं म्हणून विचारते.

सुनंदा


धुळे
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशींस नमस्कार,

भुरी पाठीला टेकली हे वाचून बरं वाटलं. इथल्या एका सोबत्याला वाचून दाखवलं.

जबड्याचं म्हणाल तर ते जुनं आहे. ती लहान असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आली होती. तेव्हापासून तोंड वाकडंच आहे. डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. काठीला तर सगळीच कुत्री भितात.

मला इथून एप्रिलच्या मध्यावर सोडतील असं म्हणतात. सोनलला घेऊन रावेरला नीट राहायचं असा विचार आहे. ताईबाईंनी भावाजवळ तसा निरोप दिला आहे, की पोर बापाजवळ राहिलेली बरी, सुटून आला की घेऊन जाऊ दे. त्यांचे उपकार आहेत.

प्रेमराज


दीपनगर
२० फेब्रुवारी २०२५

प्रेमराज,

राखीच्या दुसऱ्या दिवशी, वीस ऑगस्टला, रत्नाचा मला फोन आला होता. ताईबाईकडून आलेलं खोबरं भुरीने ताटातून पळवलं आणि अख्खी वाटी कडाकडा फोडून खाल्ली, हे ती हसत हसत सांगत होती. ते आमचं शेवटचं बोलणं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. दोन दिवसांनी ती गेली.

म्हणजे वीस ऑगस्टला भुरीचा जबडा धड होता.

तू खोटं लिहिलंस. आजवर मी तुला अहो-जाहो केलं ते रत्नासाठी. आता करणार नाही. जो माणूस मुक्या जनावराचा जबडा मोडतो, तो घरातल्या बाईवर हात उचलत नसेल, यावर माझा विश्वास नाही. आरोग्य केंद्रात असताना मी अशा बायका रोज पाहिल्या. सगळ्या पायरीवरून पडलेल्या असायच्या.

तू रत्नाला मारत होतास का? मला हो की नाही एवढंच हवं आहे. उत्तर आलं नाही तर मी ते हो समजेन आणि ताईबाईला सांगेन. सोनल तुझ्या घरी येणार नाही.

सुनंदा


धुळे
१८ मार्च २०२५

ती. मावशी,

उत्तराला महिना लागला. चार पत्रं लिहून फाडली. हे पत्र इथले साहेब वाचतील, वाचू देत. त्यांना मी काल तोंडाने सांगितलं आहे.

रत्नावर मी कधी हात उचलला नाही. सोनलची शपथ घेणार होतो, पण माझ्या शपथेला काय अर्थ. तुम्हाला वाटतं त्याहून वाईट आहे ते सांगतो.

बावीस ऑगस्टला मी सावद्याला गेलो होतो आणि परत यायच्या आत सगळं झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी सावद्याला गेलो नव्हतो. मी शेडमध्येच होतो. सकाळी दहापासून पीत होतो.

रत्ना बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होती. दुपारी एकच्या सुमाराला ती शेडमध्ये आली. माझा खांदा हलवला. म्हणाली, "उठा, पायाला काहीतरी चावलं, मला दवाखान्यात न्या." मला ते ऐकू आलं होतं. मी हो म्हणालो आणि कूस बदलली. तिने पुन्हा हलवलं. मोटारसायकल दारातच होती, किल्ली माझ्या खिशात होती. तिला गाडी येत नव्हती. तिचा फोन घरी चार्जिंगला होता आणि माझा माझ्या अंगाखाली. मग ती चालत निघाली.

भुरी तिच्याबरोबर गेली नाही. माझ्याजवळच थांबली. भुंकत राहिली. पँट दातात धरून ओढायला लागली. मी तिला दोनदा लाथ मारली, ती परत आली. कोपऱ्यात टेकूचे बांबू होते. मी एक उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. तेवढा उठलो मी. रत्नासाठी उठलो नाही, कुत्री भुंकते म्हणून उठलो. मग परत झोपलो.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. भुरी दारात पडली होती, तोंडातून रक्त येत होतं. फोनवर गिरधरचे अकरा मिस कॉल होते. त्याला रत्ना डांबरी रस्त्याच्या थोडी अलीकडे बांधावर बसलेली सापडली. बोलता येत नव्हतं, पापण्या मिटत होत्या. त्याने तिला ट्रॅक्टरवर घातलं. रावेर यायच्या आधीच ती गेली.

तुम्ही नर्स आहात. मोटारसायकलने दवाखाना अठरा मिनिटांवर होता. ती वाचली असती का, हे मला सांगू नका.

मी फोन घेतला नाही म्हणून गिरधर धरून चालला की मी गावाला गेलोय. मी तेच पुढे चालवलं. सगळे म्हणाले, बिचारा घरी नव्हता, तो तरी काय करणार. तुम्हीही म्हणालात, मावशी. तेराव्याला तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

भुरी त्यानंतर माझ्याकडे बघत राहायची. खायची नाही, भुंकायची नाही, नुसती बघायची. म्हणून मी तिला शेडच्या मागे बांधली. मला दिसू नये म्हणून.

प्रेमराज


दीपनगर
२ एप्रिल २०२५

प्रेमराज,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. ललितने विचारलं, मी डोकं दुखतं म्हणाले. पत्र त्याला दाखवलेलं नाही. अजून कोणालाच नाही.

ती वाचली असती का, हे तू सांगू नका म्हणालास. मी सांगणार होते. चौतीस वर्षांत साप चावलेली किती माणसं वेळेवर पोहोचून वाचली आणि किती नाहीत, ते लिहून काढायला बसले होते. मग कागद ठेवून दिला. तुला त्याचं उत्तर माहीत आहे, म्हणूनच तू पीत राहिलास.

भुरीबद्दल लिहिते, कारण दुसरं काही लिहायला लागले तर मी थांबणार नाही. होळीच्या दिवशी पोरांनी डबे वाजवले तशी ती कुंपणातून पळाली. दोन दिवस सापडली नाही. वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक जातात त्या रस्त्याला मी आणि ललित पायी फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन फाटकाशी येऊन उभी होती, सगळं अंग राखेने पांढरं झालेलं. मी फाटक उघडलं तर आत आली आणि सरळ बारदानावर जाऊन झोपली. तिला घर कळलं आहे. आता ती कोणाकडेही जाणार नाही. इथेच राहील. तुझ्याकडेही येणार नाही.

तू सुटलास की सरळ पारोळ्याला जा. रावेरला जाण्याआधी. ताईबाईला तुझ्या तोंडाने सांग, मला लिहिलंस तसंच, काही न वगळता. मी सांगू शकते, पण तिची पोर कशी गेली ते तिला माझ्याकडून कळायला नको. तीस एप्रिलपर्यंत वाट बघते. मग मी हे पत्र घेऊन तिच्याकडे जाईन.

पंधरा दिवस काय, एक दिवससुद्धा सोनलला अर्धवट खरं सांगून घरी नेऊ नकोस.

सुनंदा


रावेर, मळ्यातून
२० एप्रिल २०२५

ती. मावशी,

सोळा तारखेला सुटलो. भाऊ न्यायला आला होता, त्याला धुळ्याच्या स्टँडवरूनच परत पाठवलं आणि पारोळ्याची एसटी धरली.

ताईबाई ओट्यावर हरभरे पाखडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, वाळलास म्हणाल्या. सोनल शाळेतून यायची होती. ती यायच्या आत सांगून टाकावं म्हणून मी बसल्या बसल्या सुरुवात केली. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मी सगळं सांगेपर्यंत त्या पाखडतच होत्या, हळूहळू. मी थांबलो तेव्हा सूप थांबलं. एकच विचारलं त्यांनी, "तू तठेच व्हता?" मी हो म्हणालो.

त्या ओरडतील, मारतील असं वाटत होतं. मला ते हवं होतं. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग घराच्या आत भांडं वाजलं. सोनल मागच्या दाराने कधी आली होती कोण जाणे. दाराशी उभी होती, खांद्यावर दप्तर तसंच. किती ऐकलं ते मी विचारलं नाही, तिच्या तोंडावरून कळत होतं. मी तिला हाक मारली. ती पुढे आली, माझ्यासमोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि आत घेऊन गेली.

ताईबाई म्हणाल्या, "जाय आते." मी उठलो.

मावशी, मळ्यात आता कोणी नाही. बाग भावाने दुसऱ्याला कसायला दिली आहे. मी शेडमध्ये राहतो. ते बांबू मी जाळले नाहीत, तिथेच आहेत. सावद्याला एका केळी भरणाऱ्याकडे घड उचलायचं काम मिळालं आहे. दारू घेतलेली नाही, आज चार दिवस. तिथे आत चार महिने निघाले, बाहेरचा दिवस मोठा असतो.

भुरीला मागायला मी येणार नाही. ती राख झटकून तुमच्याकडे परत आली हे वाचलं ते पुरे आहे.

प्रेमराज


दीपनगर
१८ मे २०२५

प्रेमराज,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईबाईचा फोन आला. एवढंच म्हणाली, सोनलला सुट्टीत तुझ्याकडे धाडते.

सोनल आठ तारखेपासून इथे आहे. आल्या आल्या ती भुरीकडे धावली आणि भुरी ओट्याखाली घुसली. पोर रडली. आपल्याला ओळखलंच नाही म्हणाली. मी तिला सुपात शेंगदाणे निवडायला दिले आणि पाठ करून बसायला शिकवलं. तिला धीर नव्हता, सारखी मागे वळून बघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत पडले होते. बाहेर इतकी शांतता झाली की उठून पाहिलं. सोनल पाठ करून बसलेली, आणि भुरी तिच्या पाठीवर तोंड टेकवून झोपलेली. सोनलचे दोन्ही हात मांडीवर तसेच धरलेले होते. दाणे ती निवडत नव्हती.

त्यानंतर भुरी तिच्यामागे अंगणभर फिरते. अंगणात यायला लागली आहे. खाताना अजून अर्धं सांडतं. सोनल ते गोळा करून तिच्या चांगल्या बाजूला भरवते. जबडा हाताने चाचपून बघते. मी तिला काही सांगितलेलं नाही, ती विचारत नव्हती.

काल विचारलं. भुरीला भाकरी भरवता भरवता, माझ्याकडे न बघता. म्हणाली, "आजी, भुरी बाबांना किती वेळ उठवत होती?"

मला माहीत नाही म्हणाले. तेव्हा तिने सांगितलं, बाबांना विचार.

म्हणून हे पत्र. मी तुला माफ केलेलं नाही, आणि ताईबाई करणार नाही. सोनलच्या मनात काय आहे ते मला कळत नाही, आणि मी तिला विचारणार नाही. पण आई गेल्यापासून पहिल्यांदा तिने तुझ्याकडे काही मागितलं आहे. तिला उत्तर लिही. मला नको, तिच्या नावाने लिही. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. जेवढं आठवतं तेवढं मात्र सगळं लिही, आणि शेवटी स्वतःची बाजू मांडू नकोस, बारा वर्षांच्या पोरीला तेवढं बरोबर कळतं.

पारोळ्याच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तिथे ते तिच्या हातात पडणार नाही. सात जूनपर्यंत ती इथेच आहे.

सुनंदा